फेसबुक-एक्सवरून मॅस्टोडॉन व सिग्नलवर जाताना: पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नेरूळच्या पाणथळीवर रविवारी सकाळी पक्षी पाहायला जमणारा आमचा एक लहानसा गट आहे. हा गट, आमच्या सोसायटीतले काही शेजारी आणि ठाण्यात नौपाड्याला राहणारे नातेवाईक यांना फेसबुक, एक्स आणि व्हॉट्सॲपवरून मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम व सिग्नल हे संदेशांचे ॲप या खासगीपणा जपणाऱ्या पर्यायांकडे नेताना गेल्या दीड वर्षात मी अनेकांच्या शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर एकेक पायरी करून घेतली आहे. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. प्रत्येक पायरी माणसे नीट करतात, मात्र क्रम चुकवतात. जुने खाते आधी पुसले जाते आणि त्यातले फोटो नंतर आठवतात. आपले खाते ज्या संगणकावर राहते तो सर्व्हर कोण चालवतो हे न पाहताच नाव नोंदवले जाते. आणि मॅस्टोडॉनवरचा ‘खासगी’ संदेश म्हणजे बंद पाकीट आहे, अशा समजुतीने नको ते लिहून होते. म्हणून पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करावेत आणि एका टप्प्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

पहिल्या पाच टप्प्यांना तासा-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. जुने घर पूर्ण सोडण्यासाठी मात्र दोन महिने हाताशी ठेवावेत.

## टप्पा १: आधी वही, मग फोन

कोणतेही ॲप उतरवण्याआधी वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात चारचौघांत बोललेले चालेल असे सगळे, दुसऱ्यात ठरावीक माणसांपलीकडे जाऊ नये असे सगळे. आमच्या गटाचे पान असे होते: खाडीवर आज किती रोहित पक्षी दिसले, भरती किती वाजता होती, पाणथळीवर भराव पडतो आहे का, हे पहिल्या रकान्यात, घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा, पहाटे कोण एकटी जाणार आहे, कोणाच्या गाडीत जागा आहे, हे दुसऱ्यात. सोसायटीचे पान केले तर गुरुवारी पाणी येणार नाही ही सूचना पहिल्या रकान्यात जाते, आणि कोणाचा मेंटेनन्स थकला आहे किंवा कोण पंधरा दिवस गावी गेले आहे ही माहिती दुसऱ्यात.

या पानावरच पुढचे सगळे अवलंबून आहे, कारण पहिल्या रकान्याचे साधन वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे. पहिल्यासाठी मॅस्टोडॉन योग्य आहे: अनेक स्वतंत्र सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, तरी ॲक्टिव्हिटीपब या खुल्या नियमावलीमुळे सगळे एकमेकांशी बोलू शकतात. दुसऱ्या रकान्यासाठी सिग्नल, कारण तिथला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. एकाच ॲपवर दोन्ही भागवण्याचा हट्ट ही पहिली आणि सर्वांत महाग चूक आहे.

काही ओळखीची माणसे ब्लूस्काय या एक्ससारख्या समाजमाध्यमावर असतात. तेही पहिल्याच रकान्याचे साधन आहे. तिथली प्रत्येक पोस्ट जाहीर असते, आपण कोणाला ब्लॉक केले आहे तेही इतरांना शोधून काढता येते, आणि तिथले थेट संदेश सिग्नलसारखे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. हे ठाऊक असून वापरावयाचे असेल तर हरकत नाही.

तपासा: दुसऱ्या रकान्यात एकही नोंद नसेल तर पान अजून पुरे झालेले नाही. मुलांचे फोटो, आजारपण, प्रवासाच्या तारखा आणि घराच्या किल्ल्या या चार गोष्टी आठवून पाहाव्यात.

## टप्पा २: जुन्या घरातले सामान काढून घेणे

फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये अकाउंट्स सेंटरमधून आपली माहिती उतरवून घेण्याची मागणी करता येते. तिथे तीन निवडी काळजीपूर्वक कराव्यात. कालावधी ‘ऑल टाइम’ असावा, फोटोंची प्रत ‘हाय’ असावी, आणि फाइलचा प्रकार एचटीएमएल असावा, म्हणजे संगणकावर ती साध्या पानासारखी उघडून वाचता येईल. फाइल तयार झाल्याची सूचना आली की तिची वाट दाखवणारा दुवा काही दिवसच चालतो. सूचना पाहून ‘रविवारी करू’ म्हणणाऱ्यांना पुन्हा मागणी करावी लागते. एक्सवरही संग्रह मागवता येतो. तो मिळायला २४ तास किंवा अधिक लागतात.

इथे एक मोठा गैरसमज आहे. आपल्या संग्रहात आपले लिखाण आणि आपले फोटो येतात, गटातल्या इतरांचे येत नाहीत. आमच्या पक्षिगटाची आठ वर्षांची निरीक्षणे फेसबुकच्या गटात होती, आणि ॲडमिनने संग्रह उतरवला म्हणजे सगळे आले असे आम्ही धरून चाललो होतो. फाइल उघडली तेव्हा त्यात फक्त त्यांच्याच पोस्टी होत्या. शेवटी प्रत्येक सदस्याला आपापला संग्रह काढायला सांगितले आणि सगळ्यांचे फोटो एका हार्ड डिस्कवर महिनावार लावले. जुना गट तोवर बंद केलेला नव्हता, म्हणूनच हे जमले.

व्हॉट्सॲपमध्ये एकेका संवादाची निर्यात करावी लागते, आणि तिला मर्यादा आहे: फोटो-व्हिडिओसह घेतल्यास अलीकडचे १०,००० संदेश, केवळ मजकूर घेतल्यास ४०,०००. सोसायटीच्या गजबजलेल्या गटात सण-समारंभांच्या शुभेच्छांनीच हा आकडा भरतो. त्यामुळे मजकूर निर्यातीने घ्यावा आणि महत्त्वाचे फोटो फोनच्या गॅलरीतून वेगळे काढावेत. फोनची मेमरी भरलेली असल्यास निर्यात अर्ध्यावर थांबते, म्हणून आधी निदान काही जीबी जागा मोकळी करावी.

त्यानंतर फेसबुकच्या सेटिंगमधल्या ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ या पानावर जाऊन फेसबुकच्या लॉगिनने आपण आणखी कुठे कुठे प्रवेश करतो, ते पाहावे. हे पान बहुतेकांनी जन्मात उघडलेले नसते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एक जुने खाते घाईने पुसले, आणि दुसऱ्या एका सेवेत त्याच खात्याच्या आधारे शिरत होतो हे दोन महिन्यांनी लक्षात आले. तिथे ठेवलेली कागदपत्रे परत मिळवायला तीन आठवडे ईमेल लिहीत बसावे लागले. यादीतल्या प्रत्येक सेवेत जाऊन स्वतंत्र ईमेल व पासवर्ड लावून घ्यावा, आणि लावल्यावर एकदा बाहेर पडून नव्या पासवर्डने पुन्हा आत शिरून पाहावे.

सावधान: या टप्प्यावर जुने काहीही पुसू नये. फक्त प्रती काढाव्यात.

तपासा: उतरवलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर, उघडून २०१५-१६ सालचा एखादा जुना फोटो प्रत्यक्ष दिसतो का ते पाहावे. फाइल आहे एवढे पुरेसे नाही. ती उघडली पाहिजे.

## टप्पा ३: सर्व्हर निवडणे

मॅस्टोडॉनचा पत्ता दोन भागांचा असतो: आधी नाव, मग सर्व्हर. नवी मुंबईत नुसते ‘सेक्टर १०’ सांगून रिक्षा इच्छित जागी पोहोचत नाही, नेरूळचे की वाशीचे ते सांगावे लागते. तसेच हे आहे. एकच नाव दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या माणसांचे असू शकते, त्यामुळे पत्ता देताना-घेताना तो नेहमी पूर्ण लिहावा.

जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर सर्व्हरची यादी आहे. त्या यादीत येण्यासाठी चालकाला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, द्वेषपूर्ण लिखाणाविरुद्ध कारवाई, आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना. नवख्या माणसाने या यादीबाहेर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. यादीतला सर्व्हर आवडला की त्याचे ‘अबाउट’ पान पूर्ण वाचावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत:

- चालकाशी संपर्क कसा साधायचा, ते लिहिले आहे का?
- खर्च कसा भागतो, देणग्यांवर की एकट्याच्या खिशातून?
- नियम तुम्हाला समजतात आणि पटतात का?
- या सर्व्हरने कोणते इतर सर्व्हर रोखले आहेत? आपल्या ओळखीची माणसे नेमकी त्यांवर असतील तर गाठभेटच होणार नाही.

मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सर्वांत ठळकपणे समोर येणारा सर्व्हर आहे आणि मॅस्टोडॉन बनवणारी संस्थाच तो चालवते. ठरवता येत नसेल तर तिथे सुरुवात करण्यात चूक काही नाही. पुढे घर बदलता येते, त्याची रीत आठव्या टप्प्यात आहे. चूक एवढीच होते की ॲप उघडल्याबरोबर समोर आलेले बटन दाबून माणूस त्या सर्व्हरवर खाते काढतो, पुढे मित्राने सांगितलेल्या दुसऱ्याच सर्व्हरच्या पानावर तोच ईमेल टाकतो, आणि ‘खाते सापडत नाही’ म्हणून हताश होतो. खाते ज्या सर्व्हरवर काढले, त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे.

स्वतःचा सर्व्हर उभारण्याचा उत्साह काहींना येतो. दहा-पंधरा जणांच्या गटाने सुरुवातीला त्या फंदात पडू नये. बॅकअप, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि वाढत जाणारी फोटोंची साठवण यांची जबाबदारी कायमची गळ्यात पडते, आणि ती घेणारा माणूस परगावी गेला की सगळ्यांचे खाते त्याच्या फोनवर अडते.

## टप्पा ४: खाते काढणे आणि लगेच कुलूप लावणे

मॅस्टोडॉनला मोबाइल नंबर लागत नाही, ईमेल पुरतो. ऑफिसचा ईमेल देऊ नये. नोकरी सुटली की खात्याची दुरुस्तीही सुटते. वापरकर्तानाव रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि अधोरेषेतच लिहिता येते आणि नंतर बदलता येत नाही, म्हणून ते सावकाश ठरवावे. त्यात जन्मसाल, इमारतीचे नाव किंवा फ्लॅटचा क्रमांक घालू नये. दिसणारे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते आणि हवे तेव्हा बदलता येते.

खाते उघडल्यावर पहिली पोस्ट लिहिण्याच्या आधी, त्याच बैठकीत, द्विस्तरीय प्रवेश, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक संकेत मागणारे कुलूप, सुरू करावा. यासाठी दर अर्ध्या मिनिटाला सहा आकडी संकेत बदलणारे ॲप लागते; अँड्रॉइडवर एजिस चांगले आहे. मॅस्टोडॉनने दाखवलेला क्यूआर त्या ॲपने स्कॅन झाल्यावर मॅस्टोडॉन एकदाच वापरता येणाऱ्या संकेतांची यादी देते. फोन हरवला तर हीच यादी आत शिरवते. तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणे म्हणजे कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवणे होय. ती कागदावर उतरवून फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवावी. ती फाइल घरात सहसा हरवत नाही.

तपासा: खात्यातून बाहेर पडून पासवर्ड व संकेत वापरून पुन्हा आत शिरावे. यात अडचण आली तर ती आजच सोडवावी, कारण अजून गमावण्यासारखे काही नाही.

## टप्पा ५: कोणाला काय दिसते

या टप्प्यावर मी सर्वाधिक वेळ देतो, कारण इथली चूक दिसत नाही आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रत्येक पोस्टला चार पातळ्या आहेत. ‘पब्लिक’ म्हणजे सर्वांना, शोधात व सार्वजनिक प्रवाहातही. ‘क्वाएट पब्लिक’ म्हणजे सर्वांना दिसू शकते, पण शोधात व हॅशटॅगमध्ये येत नाही. ‘फॉलोअर्स’ म्हणजे आपल्याला फॉलो करणाऱ्यांना. आणि ‘प्रायव्हेट मेन्शन’ म्हणजे मजकुरात ज्यांचा पत्ता आहे त्यांनाच.

तिसरी पातळी फसवी आहे. कोणीही बटन दाबून आपला फॉलोअर होऊ शकत असेल, तर ‘फक्त फॉलोअर्स’ याचा अर्थ ‘ज्याला इच्छा झाली तो’ एवढाच उरतो. म्हणून ‘प्रायव्हसी अँड रीच’ या पानावर नव्या फॉलोअर्सना आपोआप स्वीकारण्याची निवड आधी बंद करावी. ती बंद करण्यापूर्वी जे आत आले ते आतच राहतात. त्यामुळे यादी एकदा नजरेखालून घालून अनोळखी नावे काढून टाकावीत. याच पानावर आपल्या पोस्टी शोधात याव्यात का, आणि आपण कोणाला फॉलो करतो हे परक्यांना दिसावे का, याही निवडी आहेत. गटाच्या खात्यासाठी शोध सुरू ठेवावा, घरच्या माणसाच्या खात्यासाठी बंद.

चौथ्या पातळीबद्दल दोन गोष्टी प्रत्येकाला समजल्याच पाहिजेत. एक, हा संदेश कुलूपबंद नसतो. दोन्हीकडच्या सर्व्हरच्या चालकाला तो तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. दोन, मजकुरात तिसऱ्या माणसाचा पूर्ण पत्ता लिहिला की तो माणूसही त्या संदेशाचा मानकरी होतो. सीवूड्सच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या गटात आहेत. त्यांनी मैत्रिणीला खासगीत लिहिले की अमक्या बाई सहलीचे पैसे वेळेवर देत नाहीत, आणि कोणत्या बाई ते नीट कळावे म्हणून त्यांचा पूर्ण पत्ता घातला. दहा मिनिटांत त्याच बाईंचे उत्तर आले, “काकू, मला थेट सांगितलं असतं तरी चाललं असतं.” काकूंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले, कारण मॅस्टोडॉन शिकवताना ही गोष्ट सांगायची मीच विसरलो होतो. तेव्हापासून मी ती सर्वांत आधी सांगतो. पैसे, तक्रार, तब्येत, पत्ता यांपैकी काहीही असेल तर मॅस्टोडॉन बंद करून सिग्नल उघडावे.

पुसलेल्या पोस्टीचेही असेच आहे. आपण पोस्ट पुसली की आपला सर्व्हर इतर सर्व्हरना ती काढण्याची सूचना धाडतो. बहुतेक सर्व्हर ऐकतात, पण प्रत्येकाने ऐकलेच असेल याची हमी नाही. जुन्या पोस्टी ठरावीक काळानंतर आपोआप पुसण्याची सोय मॅस्टोडॉनमध्ये आहे आणि ती घरगुती खात्यावर जरूर लावावी, परंतु तिच्या भरवशावर काही लिहू नये.

फोटोंबद्दल एक वेगळी काळजी घ्यावी लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले स्थान बंद करणे सोपे आहे, पण फोटोतली पार्श्वभूमीही बोलते. घुबडाच्या पिल्लाचा एक सुंदर फोटो आमच्यातल्या एकाने जागेचे नाव न लिहिता टाकला, मात्र मागे तलावाच्या कठड्याचा रंगवलेला भाग आणि पामबीच मार्गालगतच्या एका इमारतीचा ओळखू येणारा माथा होता. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली कॅमेरे घेऊन माणसे उभी होती आणि मादी सकाळभर घरट्यावर आली नाही. तेव्हापासून विणीच्या काळात घरट्याचा फोटो जाहीर करायचाच नाही, असा नियम आम्ही केला. मुलांच्या फोटोतली शाळेची ओळखपत्रे, बसचे क्रमांक आणि बाल्कनीतून दिसणारा देखावा यांनाही हेच लागू आहे.

तपासा: आपल्या प्रोफाइलचा पत्ता ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, उघडावा. परक्याला जे दिसते ते नेमके तेवढेच असते. दुसऱ्या रकान्यातले काही तिथे दिसत असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ६: माणसे शोधणे

नवे खाते रिकामे दिसते आणि बरेच जण इथेच सोडून देतात. मॅस्टोडॉन आपली फोनवही मागत नाही, त्यामुळे ओळखीचे लोक आपोआप समोर येत नाहीत. मुख्य प्रवाहात आपण फॉलो केलेल्या माणसांच्या व हॅशटॅगच्या पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी तीन कामे करावीत. गटातल्या सर्वांचे पूर्ण पत्ते एका कागदावर गोळा करावेत. आपल्या विषयांचे हॅशटॅग फॉलो करावेत. मराठीभाषक दोन्ही लिप्यांत लिहितात, म्हणून देवनागरी आणि रोमन असे दोन्ही घ्यावेत. आणि आपण कोण, कशाबद्दल लिहिणार, हे सांगणारी एक ओळखीची पोस्ट टाकून ती वर टाचून ठेवावी. पोस्ट लिहिताना भाषा ‘मराठी’ निवडावी, म्हणजे भाषेनुसार प्रवाह चाळणाऱ्यांना ती सापडते. मर्यादा बहुतेक सर्व्हरवर ५०० अक्षरचिन्हांची आहे. लांब निरीक्षणे उत्तरांची साखळी करून लिहिता येतात.

एक अडचण सगळ्यांना येते. कोणी पाठवलेला दुसऱ्या सर्व्हरचा दुवा ब्राउझरमध्ये उघडला की आपण तिथे लॉगिन नसतो, आणि उत्तर देताना पुन्हा खाते काढायला सांगितले जात आहे असे वाटते. नवे खाते काढू नये. तो दुवा उचलून आपल्या सर्व्हरच्या शोधचौकटीत टाकावा. पोस्ट आपल्याच घरात उघडते आणि उत्तर देता येते. आमच्या गटातल्या एकाने या गैरसमजातून चार सर्व्हरवर चार खाती काढली होती.

## टप्पा ७: खासगी गट सिग्नलवर हलवणे

सिग्नलवर नोंदणीला मोबाइल नंबर लागतो, पण तो इतरांना दिसावाच असे नाही. गट बनवण्याआधी प्रत्येक सदस्याकडून पुढील गोष्टी करून घ्याव्यात, आणि त्या याच क्रमाने:

1. पिन ठरवून वहीत नोंदवावा आणि ‘रजिस्ट्रेशन लॉक’ सुरू करावा, म्हणजे सिम दुसऱ्याच्या हाती गेले तरी तेवढ्यावर खाते उघडणार नाही. पिन विसरला तर सात दिवसांपर्यंत बाहेर थांबावे लागू शकते.
2. वापरकर्तानाव तयार करावे. ते प्रोफाइलवरच्या नावापेक्षा वेगळे असते आणि त्याच्या शेवटी आकडे येतात.
3. त्यानंतरच ‘नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ याचे उत्तर ‘नोबडी’ करावे. हे आधी केले आणि वापरकर्तानाव नसले तर कोणालाही आपण सापडत नाही.
4. बंद स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणे थांबवावे. लोकलच्या डब्यात शेजारच्याला दिसतो तो याच वाटेने.

मग गट बनवावा. सदस्य घेण्याचा आणि गटाचे नाव-चित्र बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवावा, ॲडमिन मात्र दोन असावेत. दुव्याने सदस्य घेणार असाल तर मंजुरीची अट लावावी आणि सगळे आल्यावर दुवा बंद करावा. तो दुवा व्हॉट्सॲपच्या जुन्या गटात कायमचा पडलेला असतो. आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांसाठी आम्ही चार आठवड्यांची मुदत ठेवली आहे. ही सोय आधीच्या संदेशांना लागू होत नाही आणि समोरच्याने घेतलेल्या स्क्रीनशॉटलाही थांबवत नाही. मिनिट्स, ठराव, हिशेब हे सोसायटीचे कागद या गटात ठेवू नयेत. ते मुदतीनंतर जातील आणि पुढच्या सर्वसाधारण सभेला हवे असतील.

सावधान: नवा फोन घेतल्यावर जुन्यातले संवाद ‘ट्रान्सफर’ने हलवावेत, आणि नव्यावर ते दिसल्यावरच जुना फोन दुकानात एक्स्चेंजला द्यावा. हे उलट केलेल्या दोघांचे सगळे जुने संवाद गेले.

तपासा: ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी पाहावी. सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकावर कधी सिग्नल जोडले असेल तर तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येते.

## टप्पा ८: सर्व्हर बदलावा लागला तर

हा टप्पा लागेलच असे नाही, पण त्याची तयारी पहिल्या महिन्यापासून हवी. ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’ या पानावरून आपण फॉलो करत असलेल्यांची, ब्लॉक व म्यूट केलेल्यांची आणि बुकमार्कची यादी महिन्यातून एकदा उतरवून ठेवावी. पोस्टींचा पूर्ण संग्रह सात दिवसांतून एकदा मागवता येतो.

बदलताना क्रम असा: आधी नव्या सर्व्हरवर खाते, मग नव्या खात्यात ‘मूव्हिंग फ्रॉम’ या जागी जुन्याचा पूर्ण पत्ता, मग जुन्या खात्यात ‘मूव्हिंग टू’ या जागी नव्याचा पत्ता आणि पासवर्ड, शेवटी उतरवलेल्या याद्या नव्यात भरणे. याद्या भरताना ‘मर्ज’ निवडावे. ‘ओव्हरराइट’ निवडले तर नव्या खात्यात आधी जोडलेले लोक पुसले जातात. फॉलोअर्स सावकाश सरकतात, कधी एक-दोन दिवस लागतात. पोस्टी मात्र जुन्याच जागी राहतात, त्या कोणत्याही मार्गाने नव्यात येत नाहीत. एकदा हलल्यावर ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

फॉलोअर्स हलवण्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. बंद होण्याची सूचना आली की शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. त्याच संध्याकाळी हलावे.

## टप्पा ९: दोन महिने दोन्हीकडे, मग जुने बंद

जुन्या खात्याच्या परिचयात नवा पत्ता लिहावा आणि तशी एक पोस्ट वर टाचावी. या दोन महिन्यांत नवे लिखाण नव्या जागीच करावे आणि जुन्यावर आठवड्यातून एकदाच डोकवावे. तीच पोस्ट दोन्हीकडे टाकत राहिलो तर माणसे हलत नाहीत, कारण हलण्याचे कारणच उरत नाही. ज्यांना जमत नाही अशांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, फोनवर सांगून भागत नाही. त्यांच्या घरी जाऊन पहिले चार टप्पे शेजारी बसून करून द्यावेत.

व्हॉट्सॲप पूर्ण सोडणे बहुतेकांना शक्य नसते. शाळा, दवाखाना, दुधवाला तिथेच असतात. तसे असेल तर ते ठेवावे, पण प्रोफाइल फोटो, ‘लास्ट सीन’ आणि गटात कोण घेऊ शकेल या तीन निवडी ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरत्या कराव्यात. वहीच्या दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी तिथल्या मोठ्या गटात लिहू नयेत.

फेसबुकचे खाते पुसण्याची मागणी केल्यावर ३० दिवस ती मागे घेता येते, आणि सगळी माहिती काढायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. इन्स्टाग्राम व एक्सवरही ३० दिवसांची मुदत आहे. या काळात सवयीने एकदा लॉगिन झाले तरी पुसण्याची मागणी रद्द होऊ शकते आणि पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजावे लागतात. म्हणून मागणी करण्याच्या दिवशीच ॲप फोनमधून व घरातल्या टॅबवरून काढावे आणि ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसावा. फेसबुकवर ‘डीॲक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ ही दोन वेगळी बटने आहेत. पहिल्याने खाते केवळ झाकले जाते. एखाद्या पानाचे किंवा गटाचे आपण एकटेच ॲडमिन असू, तर दुसऱ्याला ॲडमिन केल्याशिवाय मागणी करू नये.

शेवटची तपासणी: मागणीचे बटन दाबण्याआधी दुसऱ्या टप्प्यातली हार्ड डिस्क पुन्हा लॅपटॉपला जोडावी, कोणत्याही एका वर्षाचा फोल्डर उघडावा आणि फोटो उघडतात हे डोळ्यांनी पाहावे. मग तारीख वहीत लिहावी आणि बटन दाबावे.